तळ असलेली जमीन

कुंडीत भाजी लावायची म्हटलं की बोलणं बियांपासून सुरू होतं. कुठलं वाण घ्यायचं, केव्हा पेरायचं, किती खोल पेरायचं. मला कुणी विचारलं तर मी आधी रिकामी कुंडी उलटी करून दाखवते. हे बघ, ही जमीन इथे संपते.

मोकळ्या जमिनीतल्या झाडाला असलं काही ठाऊकच नसतं. भुसभुशीत, खोल मातीत टोमॅटोची मुळं मीटरभर खाली जाऊ शकतात. वरचा थर वाळला तर ती आणखी खालची ओल शोधतात, वाटेत दगड आला तर वळसा घालून जातात. लावणाऱ्याने चार दिवस ढुंकून पाहिलं नाही तरी झाड आपलं आपण निभावून नेतं. कुंडीतल्या झाडाची मुळं मात्र थोड्याच दिवसांत भिंतीला टेकतात, वळतात, गोल फिरत तळाशी येतात आणि तिथे अडतात. त्यापुढे पाणी, खत, हवा, सावली जे काही लागेल ते कुणीतरी आणून द्यावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे आपण. कुंडीतल्या बागेचे जेवढे म्हणून नियम सांगितले जातात ते सगळे मला या एका तळातून निघालेले दिसतात. तो नीट ध्यानात आला की नियम पाठ करत बसावं लागत नाही.

तळाबद्दलची सगळ्यात चिवट समजूत दगडांची. कुंडी भरताना खाली खडे किंवा विटांचे तुकडे पसरले की निचरा चांगला होतो, असं आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि बहुतेकांनी केलेलंही असतं. होतं नेमकं उलट. बारीक कणांच्या मातीतून झिरपत आलेलं पाणी खड्यांच्या थरापाशी येऊन थबकतं. मातीतली बारीक छिद्रं पाणी धरून ठेवतात आणि खड्यांमधल्या मोठ्या पोकळ्यांना ते ओढून घेता येत नाही. वरचा थर पुरता तुडुंब झाल्याशिवाय पाणी खाली उतरतच नाही. म्हणजे एरवी कुंडीच्या अगदी बुडाशी राहिला असता तो चिखलाचा पट्टा आपण खड्यांवर उचलून मुळांच्या जवळ नेऊन ठेवतो, आणि तेवढी मातीची जागाही घालवतो.

पटत नसेल तर भांडी घासायचा नवा स्पंज पाण्यात बुडवा आणि आडवा धरा. पाणी गळायचं थांबलं की तोच स्पंज उभा करा, पुन्हा गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. तळाशी साचून राहणाऱ्या पाण्याची पातळी मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून उथळ ट्रेमध्ये हवेशीर माती जेमतेम वरचा पातळ थर एवढीच उरते आणि खोल कुंडीत ती भरपूर मिळते. उथळ ट्रेमधली रोपं सारखी का सडतात, याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं. तेव्हा खडे नकोत, भोकं हवीत. एकापेक्षा जास्त हवीत, आणि कुंडी जमिनीपासून बोटभर उचललेली हवी, नाहीतर फरशीच बूच होऊन बसते. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर जाळीचा तुकडा टाकला की झालं.

मातीचंही तसंच. बाहेरची जमीन खणून आणलेली माती जशीच्या तशी कुंडीत भरली तर प्रत्येक पाण्यासरशी तिचे कण खाली बसत जातात आणि थोड्या दिवसांत कुंडीच्या आकाराची वीट तयार होते. म्हणून माती, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत साधारण सारख्या भागांत मिसळायचं. या प्रमाणावर लोक हिरिरीने वाद घालतात. मी मूठ वापरते. ओलसर मिश्रण मुठीत दाबायचं आणि मूठ उघडायची. गोळा व्हायला हवा, आणि बोट लावताच तो फुटायला हवा. फुटला नाही तर कोकोपीट वाढवायचं, गोळाच झाला नाही तर माती. कोकोपीटचा आणखी एक फायदा वजनाचा. वीस लिटरच्या कुंडीत निव्वळ माती भरून भिजवली तर वजन सहज ३० किलोंच्या पुढे जातं. अशा दहा कुंड्या एका कठड्याला टेकवून ठेवण्याआधी तो कठडा कशासाठी बांधला आहे याचा विचार केलेला बरा.

आता भाज्यांकडे. ‘सोपी भाजी’ म्हणजे काय, याचं माझं उत्तर असं की जिला तळ सापडायच्या आत आपण तिला खाऊन टाकतो ती. मेथी घ्या. स्वयंपाकघरातल्या डब्यातलेच दाणे रात्रभर भिजवले, दाट पसरले, वर बोटाच्या पेराएवढीही नको इतकी माती भुरभुरली, की तीन ते पाच दिवसांत अंकुर वर. पंचवीस-तीस दिवसांत कापणी. तिच्या मुळांना पंधरा सेंटिमीटर खोली पुरते. कुंडीला भिंती आहेत हे तिला कळेपर्यंत तिचा प्रवास संपलेला असतो. शिवाय मेथी शेंगवर्गातली आहे. योग्य जिवाणू मातीत असतील तर तिच्या मुळांवर गाठी धरतात आणि हवेतला नायट्रोजन ती स्वतःच वापरात आणते. पहिल्यांदा काही लावणाऱ्याला मी दुसरं काही सुचवतच नाही.

कोथिंबीर सगळे सुचवतात, पण ती वाटते तेवढी साधी नाही. अख्खा धणा म्हणजे खरं तर जोडफळ, त्यात दोन बिया असतात. चपलेने किंवा लाटण्याने हलकेच दाबून ते दोन भाग सुटे केले की उगवण सुधारते, आणि तरीही आठ-दहा दिवस कुंडीत काहीच दिसत नाही. या दिवसांत माणसं दोनच गोष्टी करतात, एकतर माती उकरून बघतात नाहीतर पाणी तरी जास्त घालतात. दोन्ही नडतं. उगवल्यावर तिला हलवायचं नाही, कारण तिचं मूळ सरळ खाली जाणारं सोटमूळ आहे आणि ते दुखावलेलं तिला चालत नाही. दिवस मोठा झाला, ऊन वाढलं की ती पानं सोडून फुलांच्या मागे लागते. पानं बारीक, दोऱ्यासारखी व्हायला लागली की समजायचं, आता कापण्यात अर्थ नाही. फुलू द्यावी. त्या फुलांवर लहानलहान माश्या येतात, त्यांतल्या काहींची पिल्लं मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, खातात, आणि शेवटी धणे मिळतात. कोथिंबीर संपली म्हणून हळहळणाऱ्यांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा जरा उजळतो.

पालकाची बाहेरची पानं खुडत राहायची आणि मधला कोंब राखायचा, म्हणजे एकच झाड पुष्कळ दिवस पुरतं. मुळा झटपट येतो, छोटे गोल मुळे तर महिन्याभरात. फक्त दाटी केली किंवा ऊन कमी पडलं की वर पानांचा पसारा आणि खाली शेपटी. पानं खाता येतात, त्यामुळे फसवणूक अगदीच वाया जात नाही. कांद्याच्या पातीचं बूड मुळांसकट दोन बोटं राखून मातीत खोचलं की पुन्हा पात फुटते. लसणाची पाकळी टोक वर करून लावली की तिचीही पात मिळते. पुदिन्याबद्दल एकच सूचना, त्याला वेगळी कुंडी द्या. त्याचे धुमारे आडवे पळतात आणि शेजाऱ्याचं घर बळकावतात.

मिरची वेगळ्या जातकुळीची. तिला तळ लागतो, कळतो, आणि ती तो मान्य करते. पंचवीस सेंटिमीटर खोलीच्या कुंडीत ती आपला आकार आवरून बसते आणि फळं देत राहते. कडाक्याची थंडी लागू दिली नाही तर मिरचीचं झाड दोन-तीन वर्षंही टिकतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. हंगाम संपला म्हणून उपटून टाकण्याऐवजी खोडाला थोडं राखून छाटलं, वरचं खत बदललं, की ते नव्याने फुटतं. हिरव्या मिरच्या तोडत राहिलं की फुलं येत राहतात. चार मिरच्या झाडावर पिकून लाल होऊ दिल्या की झाडाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते सुस्तावतं. बिया काढताना हाताची आग होते म्हणून बियांनाच तिखट म्हणायची पद्धत आहे, पण तिखटपणा तयार होतो तो बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढरट गाभ्यात. बियांना तो नुसता लागतो. आणि पक्ष्यांना तर हा तिखटपणा जाणवतच नाही, त्यामुळे लाल मिरच्या टोचून नेणाऱ्या पक्ष्याला चांगली अद्दल घडेल, या आशेत काही अर्थ नाही.

टोमॅटोला तळ कधीच मान्य होत नाही. सोप्या भाज्यांच्या प्रत्येक यादीत तो असतो आणि मला दर वेळी यादी करणाऱ्याशी भांडावंसं वाटतं. उगवायला सोपा, वाढवायला आनंदाचा, हे खरं. पण भर उन्हाच्या दिवसांत मोठं, फळांनी लगडलेलं टोमॅटोचं झाड दिवसाला दीड-दोन लिटर पाणी पिऊ शकतं. जमिनीत ते त्याने स्वतः शोधलं असतं, इथे ते आपल्या वेळापत्रकावर अवलंबून आहे. सकाळी भरपूर पाणी दिलं, दुसऱ्या दिवशी विसरलं, तिसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दुप्पट ओतलं, की फळाच्या बुडाशी काळपट, चामड्यासारखा डाग पडतो. हा रोग नव्हे. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचला नाही, एवढाच त्याचा अर्थ. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढतो, प्रवाह खंडला की पानं आपला वाटा ओढून घेतात आणि फळाचं टोक उपाशी राहतं. मातीत कॅल्शियम असूनही. अशा वेळी लोक अंड्याची टरफलं कुस्करून घालतात. टरफलं विरघळून झाडाला मिळेपर्यंत तो हंगाम संपलेला असतो. उपाय झारीत आहे. रोज, सारखं, आणि वर वाळक्या पानांचं किंवा गवताचं आच्छादन.

एवढं ऐकूनही टोमॅटो लावायचाच असेल, आणि तो तुम्ही लावणारच आहात, तर लहान फळांचं वाण घ्या, कुंडी किमान वीस लिटरची घ्या, आणि रोप लावताना खालची पानं काढून खोड बरंच खोल पुरा. टोमॅटोच्या खोडाला मातीत गेल्यावर मुळं फुटतात, फार थोड्या भाज्यांना ही कला येते. बाल्कनी बंदिस्त असेल, वारा नसेल, तर फुलं येतात आणि गळून जातात. टोमॅटोचं फूल स्वतःच स्वतःला पुरेसं असतं, पण पराग बंद कोशातून सुटायला त्याला हादरा लागतो. बाहेर हे काम वारा करतो, किंवा फुलाला लटकून अंग थरथरवणारे भुंगे करतात. घरात फुलांच्या देठावर रोज सकाळी टिचकी मारायची, किंवा विजेवर चालणारा टूथब्रश देठाला टेकवायचा. पाहुण्यांसमोर करू नये, स्पष्टीकरण द्यावं लागतं. आणि दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या पुढे जात असेल तर टिचक्यांचाही उपयोग नाही, पराग निकामी होतात. तेव्हा झाडाला सावली करायची आणि थांबायचं.

पाण्यावर मी इतकं बोलते म्हणून घरातले वैतागतात, पण कुंडीतली झाडं सगळ्यात जास्त मरतात ती पाण्याने. पाण्याच्या अभावाने नव्हे, पाण्याने. मुळांना श्वास घ्यायला मातीतली हवा लागते. माती सतत तुडुंब राहिली की हवेची जागा पाणी घेतं, मुळं गुदमरून सडतात, आणि सडलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. मग पानं मलूल होतात. तहानलेल्या झाडाचीही पानं मलूल होतात. दिसायला दोन्ही जवळपास सारखं, आणि बघणाऱ्याचा हात आपोआप झारीकडे जातो. माझ्या एका मैत्रिणीचा फोटोसकट निरोप येतो, अगं बघ ना, पाणी घालतेय तरी मान टाकली. मी विचारते, माती कशी आहे? तिला माहीत नसतं. बघते म्हणते. बोट दोन पेरं आत घालायचं, ओल लागली तर पाणी नको, कोरडं लागलं तर भोकांतून बाहेर येईपर्यंत द्यायचं. बोट घालायचं नसेल तर कुंडी उचलून बघायची. ओल्या आणि कोरड्या कुंडीच्या वजनातला फरक हाताला चटकन कळायला लागतो. माती पार वाळून कडेने सुटली असेल तर मात्र वरून ओतलेलं पाणी फटीतून थेट खाली पळतं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. मग कुंडी पाण्याच्या टबात ठेवून ओल खालून चढू द्यायची, आणि तासाभराने टबातून काढायची.

रोज किती पाणी घालू, या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर अवकाशातून आलेलं आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर ‘व्हेजी’ नावाची एक छोटी लागवडपेटी आहे. मातीसारखं माध्यम भरलेल्या उशांमध्ये तिथे बिया लावतात. तीही कुंडीच, फक्त तिथे खाली आणि वर असं काही नाही, त्यामुळे पाणी खाली उतरत नाही, जिथे जाईल तिथे चिकटून बसतं. ऑगस्ट २०१५ मध्ये अंतराळवीरांनी तिथे वाढवलेलं लाल लेट्यूस खाल्लं. त्यानंतर झिनियाची फुलझाडं लावली. डिसेंबरमध्ये त्यांच्या पानांवर पाणी डवरायला लागलं, मग बुरशी आली. पाण्याचं वेळापत्रक जमिनीवरून ठरत होतं. तेव्हा स्कॉट केली या अंतराळवीराने सांगितलं की पाणी केव्हा द्यायचं ते मला झाडाकडे बघून ठरवू द्या. जमिनीवरच्या तज्ज्ञांनी त्याला पानभर सूचना पाठवल्या आणि निर्णय त्याच्यावर सोपवला. जानेवारी २०१६ मध्ये झिनिया फुलली. इतकी यंत्रणा हाताशी असलेल्यांनाही शेवटी झाडाजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांवर विसंबावं लागलं, याने मला फार बरं वाटतं. आठवड्यातून तीनदा, अर्धा लिटर, असल्या आकड्यांवरचा माझा उरलासुरला विश्वास तेव्हाच गेला.

उन्हाच्या बाबतीत मात्र डोळ्यांवर विसंबू नये. आपल्या डोळ्यांची बाहुली लहानमोठी होते, मेंदू जुळवून घेतो, आणि खोलीतला कोपरा आपल्याला चांगला उजेडाचा वाटतो. भर उन्हात प्रकाश एक लाख लक्सच्या आसपास असतो, नीट उजळलेल्या खोलीत तीनशे ते पाचशे. दोनशे-तीनशे पटींचा हा फरक डोळा सहज गिळून टाकतो, पानाला तो गिळता येत नाही. पानं उजेडावर जगतात. फळभाज्यांना सहा तास थेट ऊन हवं, पालेभाज्या तीन-चार तासांत भागवतात. सुट्टीच्या एका दिवशी दर तासाला बाल्कनीत जाऊन ऊन कुठवर आलं ते खडूने आखून ठेवावं, त्याहून चांगला सल्ला माझ्याकडे नाही. रोपं उंच, फिकी, एका बाजूला झुकलेली दिसली की खताची पिशवी उघडू नका, कुंडी हलवा. कुंडीचा हा एकच मोठा फायदा आहे, तिला हलवता येतं, तो लोक वापरत नाहीत. उलट बाजूने, काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची उन्हाकडची भिंत कडक दिवसांत ४५ अंशांच्याही वर तापते आणि त्या बाजूची मुळं भाजतात. फिकट रंगाची कुंडी घ्यावी किंवा लहान कुंडी मोठीच्या सावलीत ठेवावी. मातीची कुंडी घाम सोडून गार राहते, पण त्यापायी पाणी लवकर संपवते. कापडी पिशवीत मूळ कडेच्या हवेशी आलं की त्याचं टोक वाळतं आणि मागून नवी मुळं फुटतात, त्यामुळे गोल फिरणाऱ्या मुळांचं जाळं होत नाही. मला कापडी पिशव्या आवडतात, पण दिसायला त्या ओंगळ असतात हे कबूल.

खताबद्दल थोडक्यात. भोकांतून बाहेर पडणारं प्रत्येक पाणी थोडं खत घेऊन जातं, त्यामुळे एकदाच भरपूर घालण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी थोडं द्यावं. केळीच्या सालींचं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, चहाचा चोथा, या सगळ्यांच्या नावाने इतक्या कथा फिरतात की झाडांनी त्या वाचल्या तर हसतील. कच्चा ओला कचरा थेट कुंडीत पुरू नका. तो कुजवणारे जिवाणू आधी स्वतःसाठी नायट्रोजन उचलतात आणि चिलटं येतात ती वेगळीच. कुजवून मग घाला.

मावा येणारच. त्याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लं घालतात, आणि उबदार हवेत ती पिल्लं साधारण आठवड्याभरात स्वतः आया होतात. एका शेंड्यावर चार दिसले आणि नंतर बघू म्हटलं, तर नंतर शेंडा दिसत नाही. मुंग्या खोडावर चढताना दिसल्या की आधी पानांच्या खालच्या बाजूला बघायचं. माव्याच्या अंगातून येणाऱ्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात. पाण्याची जोरदार धार, आणि भागलं नाही तर लिटरभर पाण्यात चमचाभर सौम्य साबण, संध्याकाळी, पानांच्या खालून. मिरचीची पानं वर वळली तर बहुधा फुलकिडे, खाली वळली तर कोळी नावाची सूक्ष्म कीड. दोन्ही इतके लहान की भिंगाशिवाय नीट दिसत नाहीत, त्यामुळे पानाच्या आकारावरूनच ओळखायचं.

या सगळ्यात मला अजूनही जड जातं ते विरळणीचं काम. बी पेरताना आपण उदार असतो, न जाणो उगवलं नाही तर, म्हणून चार जास्त टाकतो. मग सगळीच उगवतात. मुळ्याच्या दोन रोपांमध्ये चार-पाच सेंटिमीटर अंतर हवं, हे मला माहीत आहे, मी इतरांना सांगते, आणि तरी कात्री घेऊन बसले की हात अडखळतो. यात दोष कुणाचाच नसतो. डावीकडचं रोप उजवीकडच्यापेक्षा वाईट नसतं, ते फक्त जवळ आलेलं असतं. शेतात विरळणी करताना मन इतकं खात नसावं, तिथे ओळी लांब असतात आणि चेहरे दिसत नाहीत. कुंडीत प्रत्येक रोप रोज सकाळी पाहिलेलं असतं. उपटू नये, शेजारच्याची मुळं हलतात. मातीच्या वर कात्रीने कापावं. कापलेली कोवळी रोपं धुऊन तशीच खावीत, चांगली तिखटसर लागतात. खाल्ल्याने अपराधीपणा कमी होतो असं नाही, पण कामाला काहीतरी शेवट मिळतो.

तळ फक्त कुंडीला असतो असं नाही. माझ्या सकाळीही मोजक्याच असतात आणि त्यांच्यात मावेल एवढंच माझ्याकडून वाढतं. कुंड्या वाढवत नेणाऱ्या माणसांचं मला कौतुक वाटतं, पण मी त्यांच्यातली नाही. चहा संपेपर्यंत जेवढ्या कुंड्यांजवळ थांबून, वाकून, पानं उलटून बघता येतं, तेवढ्याच ठेवाव्यात, हा माझा हिशोब. त्यापलीकडच्या कुंड्यांना आपण पाणी देतो, त्यांच्याकडे बघत नाही, आणि मावा नेमका तिथूनच सुरू होतो. म्हणून एकदम मोठी पेरणी न करता दर पंधरा दिवसांनी कोपराभर जागेत थोडी मेथी, थोडा मुळा पेरत राहते. एकाच वेळी ढीगभर भाजी येऊन वाया जात नाही, आणि कुठल्याही दिवशी काहीतरी नुकतं उगवलेलं असतं.

परवडतं का, असं विचारणारे भेटतात. माती, खत, कुंड्या, बी आणि आपला वेळ धरला तर फळभाज्यांचा हिशोब पहिल्या वर्षी बहुधा तोट्यातच जातो. पालेभाज्यांचा जमतो, कारण बी स्वस्त, दिवस थोडे, आणि हवी तेवढीच खुडल्याने फेकलं काही जात नाही. वर्षभराचा भाजीपाला बाल्कनीतून निघेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. जी गोष्ट निघते ती म्हणजे ऐनवेळी लागणारी मूठभर हिरवी पानं आणि चार मिरच्या, आणि त्या हव्या तेव्हा असतात.

जुनी माती लोक टाकून देतात, ते मात्र करू नये. पीक निघालं की कुंडी पालथी करायची, मुळांची जाळी झटकून काढायची, ढेकळं फोडायची, दोन-चार दिवस उन्हात पसरायची, आणि तिच्यात तिसरा हिस्सा नवं कुजलेलं खत मिसळायचं. टोमॅटो होता तिथे पुन्हा टोमॅटो, मिरची किंवा वांगं लावायचं नाही. ती एकाच कुळातली आहेत आणि मातीत राहून गेलेले एकाचे रोग दुसऱ्याला लागतात. मोठ्या कुंडीतला माझा टोमॅटो नुकताच काढला. मुळं तळाशी इतकी घट्ट वळलेली होती की माती कुंडीचाच आकार घेऊन बाहेर आली आणि ती सोडवायला सुरी लागली. आता त्या कुंडीत मेथी जाईल, मग मुळा. टोमॅटोच्या बिया मी यंदा ठेवल्या नव्हत्या, असं घरात सांगितलं आहे.